नाव वाच, गाव वाच, मग हात लाव

चि. भाचीस,

बारावी झाली. कॉलेजचा फॉर्म गेला, शिष्यवृत्तीचा गेला, भरतीचेही गेले. परसवाड्याहून बालाघाटला जायचं तर तुला बस धरावी लागते. तुझा मेलचा पत्ता मात्र भोपाळ-दिल्ली करून आला, आणि वाटेत कुणाकुणाच्या हाती पडला ते देव जाणे. आता तुझ्या फोनवरच्या त्या लाल ठिपक्यातला आकडा चार अंकी झालाय आणि तू म्हणतेस, "मामा, मेल वाचतं कोण!"

बाई गं, शहरातल्या माणसाला भरलेला इनबॉक्स म्हणजे नुसती कटकट. आपल्याला तो फार महाग पडतो. आपल्याकडे मेलवर कुणी खुशाली कळवत नाही, त्याला व्हॉट्सॲप आहे. आपला मेल फॉर्मापुरता. म्हणून शंभरात कामाचा मेल एकच असतो, पण तो एक म्हणजे प्रवेशपत्र, नाहीतर 'अर्जात त्रुटी आहे, अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा' असा निरोप. तो साड्यांच्या सवलतींखाली दबून राहिला की शिष्यवृत्तीचं वर्ष गेलं. नको त्यांना अडवायचं ते यासाठी. खालचं सावकाश वाच, आणि एका दिवसात सगळं करायला जाऊ नकोस.

पत्ता देताना

१. आयडी दोन ठेव, एक फॉर्मांचा आणि एक बाजाराचा – रिचार्ज, खरेदी, गेम, सवलती सगळं दुसऱ्यावर गेलं की पहिला आपोआप शांत राहतो.

२. फॉर्मांच्या आयडीत तुझं साधं नाव असू दे. 'क्वीन' आणि 'एंजल' बाजाराच्या आयडीला शोभतील – कॉलेजच्या बाबूला यादीत तू कोण ते कळलं पाहिजे.

३. एमपी ऑनलाइनच्या दुकानात फॉर्म भरताना घाईघाईत दुकानदाराचा मेल टाकू देऊ नकोस – ओटीपी आणि प्रवेशपत्र मग त्याच्याकडे जातं, आणि नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशी तो लग्नाला गेलेला असतो.

४. पासवर्ड स्वतःच्या हातानं टाइप कर आणि खुर्चीवरून उठण्याआधी लॉगआउट कर. दुकानातल्या वहीत पासवर्ड लिहून ठेवायची पद्धत आहे, तिला प्रेमानं नाही म्हण – वही बिचारी कुणाच्याही हाती लागते.

५. फॉर्मच्या तळाशी 'ऑफर्सची माहिती पाठवा' असा चौकोन असतो आणि त्यात बरेचदा आधीच टिक केलेली असते. ती काढ – वेळेवर म्हटलेलं एक 'नको' शंभर 'डिलीट' वाचवतं.

६. गोंदियाला कपडे घ्यायला गेलीस आणि बिल करताना मेल विचारला, तर 'नाही' एवढंच म्हणायचं – बिल कागदावर मिळतं, आणि ओढणीला मेलची गरज नसते.

७. जीमेलमध्ये एक छान सोय आहे: पत्त्यातल्या @ चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो, तरी मेल तुझ्याकडेच येतो. कोचिंगला देताना नावापुढे अधिक-कोचिंग असं इंग्रजी अक्षरांत जोडून दे – उद्या त्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली, तर तुझा पत्ता कुणी पुढे वाटला ते लगेच कळतं. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत. तिथे हट्ट करू नकोस.

नाव आणि गाव

आता जरा थांब, हे नीट समजून घे; सगळं यावर उभं आहे. मेलच्या पत्त्यात @ च्या आधीचं ते नाव आणि नंतरचं ते गाव. वर ठळक अक्षरांत 'स्टेट बँक' किंवा 'स्कॉलरशिप विभाग' असं जे दिसतं ते यांतलं काहीच नाही. ते पाठवणाऱ्यानं स्वतः टाइप केलेलं असतं, तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. फोनवर मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'टू मी' दिसतं, त्यावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. ब्लॉक करायचं की जपायचं, हे तो पत्ता पाहून ठरवायचं, वरचं नाव पाहून नाही. नाव कुणीही सांगतो, गाव विचारलं की गडबडतो.

८. सरकारी मेलचं गाव 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतं, कॉलेज-विद्यापीठांचं बहुधा 'एसी डॉट इन' वर – ही गावं वाटेल त्याला मिळत नाहीत. नुसतं 'डॉट इन' मात्र कुणीही विकत घेऊ शकतो.

९. गाव शेवटाकडून वाच – 'जीओव्ही' हा शब्द मध्येच कुठेतरी घुसवून शेवटी 'डॉट कॉम' ठेवलं, तर ते सरकार नव्हे.

१०. बँकेसाठी आता वेगळी खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं – बँक नसलेल्याला हे शेपूट मिळतच नाही. मेलमधली लिंक दुसरीकडे नेत असेल तर हात मागे घे.

११. 'शिष्यवृत्ती मंजूर, आधी प्रक्रिया शुल्क भरा' असा मेल साध्या जीमेलवरून आला, तर तो चोर – तुझ्या खात्यात पैसे टाकायला सरकार तुझ्याकडे पैसे मागत नाही.

१२. गावही कधीकधी खोटं लावतात, म्हणून मेल खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवरून आत शिरू नकोस. पोर्टलचं नाव स्वतः टाइप करून लॉगिन कर – अर्जात खरंच त्रुटी असेल, तर ती तिथेही दिसेलच. वाचल्याविना टिचकी, रात्रभर उचकी.

कुणाला काय द्यायचं

सगळ्यांना एकाच काठीनं हाकलू नकोस. तू स्वतः आयडी दिलेले, ओळखीचे दुकानवाले: त्यांना अनसबस्क्राइब. नको म्हणूनही येत राहणारे: त्यांना ब्लॉक. आणि पैसे, ओटीपी, आधार मागणारे: त्यांना रिपोर्ट. यात गल्लत झाली की मेहनत वाया जाते. पोरंपोरी दिसेल त्याला ब्लॉक करत सुटतात आणि आठवडाभरानं म्हणतात, 'काही फरक पडला नाही.' पडणार कसा? चोर रोज नव्या पत्त्यानं येतो. कालचा अडवून आजचा अडत नाही.

हा उपद्रव तुझ्या जन्माच्याही फार आधीचा आहे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदमच जाहिरातीचा मेल धाडला. न मागता आलेला पहिला जाहिरातीचा मेल म्हणून तोच सांगितला जातो. लोक चिडले, तक्रारी झाल्या. पण त्यातून विक्री झाली, असं थर्क पुढेही सांगत राहिले. म्हणजे तू चिडतेस की नाही, याचा मेल धाडणाऱ्यांच्या हिशोबावर परिणाम होत नाही. मेल तुझ्यापर्यंत पोचला नाही, तरच होतो.

१३. दुकानवाल्याच्या मेलवर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, जीमेल स्वतःच 'अनसबस्क्राइब' दाखवतं. ते दाब आणि दोन दिवस धीर धर – दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ते काढावं, असा नियम गूगलनं २०२४ मध्ये आणला.

१४. अनोळखी मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत जी अनसबस्क्राइबची लिंक असते, तिच्या वाटेला जाऊ नकोस – तिथे टिचकी मारलीस की 'हा पत्ता जिवंत आहे, इथे माणूस वाचतो' असं तूच त्यांना कळवतेस.

१५. जीमेलच्या डावीकडच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' बघ – सगळ्यात जास्त मेल पाठवणारे तिथे वरच सापडतात. वरचे पाच-सहा काढले तरी घर मोकळं वाटतं.

१६. अनसबस्क्राइब करून दोन दिवस झाले तरी मेल येत राहिला, तर तो उघड, नावासमोरच्या तीन टिंबांवर बोट ठेव आणि 'ब्लॉक' निवड – एवढंच. त्याला मोठा विधी नाही.

१७. चोराच्या मेलवर तीन टिंबांतलं 'रिपोर्ट स्पॅम' किंवा 'रिपोर्ट फिशिंग' दाब – त्यावरून जीमेलची गाळणी शिकते, आणि तोच मेल लामट्याच्या किंवा बैहरच्या दुसऱ्या कुणा पोरीला जायचा असेल, तर तिचाही बचाव होण्याची शक्यता वाढते.

१८. कुणालाही रागाचं उत्तर लिहू नकोस, कितीही हात शिवशिवले तरी – ज्याला उत्तर मिळालं, तो परत येतो.

ब्लॉकनं काय होतं आणि काय होत नाही

लोकांना वाटतं, ब्लॉक केलं म्हणजे मेल येणं बंद झालं. तसं नाही. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचा मेल येतोच, फक्त इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये पडतो आणि ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. आउटलुकमध्ये तो जंकमध्ये जातो. पाठवणाऱ्याला याची खबर लागत नाही. म्हणून रोज पहाटे सुविचार धाडणाऱ्या तुझ्या आतेभावाची भीती बाळगू नकोस, त्याला कळणार नाही. तरी घरच्या माणसाला ब्लॉक करण्याआधी एकदा तोंडानं सांग. कधीतरी तो खरंच कामाचं लिहील आणि तू महिनाभर पाहणार नाहीस.

१९. बँक, कॉलेज, परीक्षा मंडळ आणि शिष्यवृत्तीचं पोर्टल यांना कधीही ब्लॉक करायचं नाही, त्यांनी कितीही जाहिराती पाठवल्या तरी – जाहिरात आणि ओटीपी बऱ्याचदा एकाच पत्त्यावरून येतात. एकाला अडवलंस की दुसराही अडतो. हा मुद्दा दोनदा वाच.

२०. बँकेच्या जाहिराती नको असतील, तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन नुसत्या जाहिराती बंद करायला सांग – खात्याचे मेल तसेच चालू राहतात.

२१. एकच कंपनी पाच वेगवेगळ्या नावांनी येत असेल, तर संगणकावर बसून तिच्या गावाचा फिल्टर लाव – मग नाव कुठलंही घेऊन आली तरी ती बाजूला पडते.

२२. फक्त 'जीमेल डॉट कॉम' या गावाचा फिल्टर लावू नकोस, माझी बाय – त्या गावात तुझ्या मैत्रिणी राहतात, तुझे सर राहतात आणि तूही राहतेस.

२३. अधूनमधून संगणकावर सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक केलेल्यांची यादी वाच – चुकून कुणी भला माणूस त्यात सापडला, तर तिथेच त्याला मोकळं करता येतं.

दुसऱ्याच पोरीचे मेल

आपल्या भागात हे फार होतं आणि याबद्दल कुणी सांगत नाही. बिसेन, पटले, टेंभरे, उईके, मडावी – आडनावं तीच, नावंही तीच, आणि मेलचा पत्ता सांगताना एखादा आकडा सुटला की तिचा मेल तुझ्याकडे. त्यात जीमेल पत्त्यातलं टिंब मोजत नाही. नावात टिंब असलं काय, नसलं काय, पत्ता एकच. तुझ्या नावाच्या दुसऱ्या कुणीतरी फॉर्मवर तुझाच पत्ता लिहिला, तर तिची फीची पावती, तिच्या मुलाखतीची तारीख, तिच्या विम्याचे कागद तुझ्याकडे येत राहणार.

त्याला लगेच ब्लॉक करू नकोस. आधी विचार कर: तीही तुझ्यासारखीच कुणाची तरी भाची आहे आणि प्रवेशपत्राची वाट बघत बसली आहे. मेल एखाद्या कॉलेजचा किंवा कार्यालयाचा असेल, तर गाव तपासून त्यांना एकाच ओळीत उत्तर दे: 'हा पत्ता तुमच्या विद्यार्थिनीचा नाही, कृपया दुरुस्त करा.' वर उत्तर लिहू नकोस म्हटलं ते चोरांसाठी. इथे उत्तर देणं हेच चांगुलपण. आतले कागद उघडू नकोस, ओटीपी कुणाला सांगू नकोस, आणि त्या खात्यात शिरायचा प्रयत्न तर मुळीच नको. दोनदा कळवूनही येतच राहिले, तर मग ब्लॉक कर, मन खाऊ देऊ नकोस.

आणि उलटंही लक्षात ठेव. आपल्या हातानं पत्ता लिहिला तरी, फॉर्म सबमिट करण्याआधी तो एकेक अक्षर मोठ्यानं वाच – तुझं प्रवेशपत्र वाराशिवनीतल्या कुणा तुझ्याच नावाच्या बाईकडे जाऊन पडू नये.

आठवड्याच्या सवयी

२४. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा स्पॅम उघडून पाठवणाऱ्यांची नावं बघ – खरा मेलही तिथे अडकतो, आणि ३० दिवसांनी तो गेला की परत येत नाही. सापडला तर 'नॉट स्पॅम' दाब.

२५. फॉर्म भरल्याच्या आठवड्यात मात्र रोज बघ, आणि 'प्रमोशन्स' नि 'अपडेट्स' हे कप्पेही बघ – 'अर्ज मिळाला' असा मेल तिथे जाऊन बसला असेल. संगणकावर तो ओढून 'प्रायमरी'त टाकता येतो. पुढचे मेल तिथेच येऊ दे का, असं जीमेल विचारतं, तेव्हा हो म्हण.

२६. ज्या कार्यालयाचा मेल महत्त्वाचा, त्याचा पत्ता संपर्कांत जोडून ठेव – ओळखीचा पत्ता स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते.

२७. जागा किती भरली ते पाहत जा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळते, आणि स्पॅम नि ट्रॅशमधलंही त्यातच मोजतात – ती भरली की नवे मेल येणंच थांबतं, आणि भरते ती बहुधा लग्नाच्या व्हिडिओंनी.

२८. मेलमधली चित्रं विचारल्याशिवाय उघडू नयेत, अशी सेटिंग करून ठेव – मेल उघडला गेला हे काही जण चित्रावरून ओळखतात. शिवाय जंगलाकडे रेंज मंदावते तेव्हा मजकूर तरी पटकन दिसतो.

२९. फॉर्मांचा आयडी एरवी लागत नसला तरी अधूनमधून उघडत जा – दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल खातं पुसू शकतं, आणि पटवारी भरतीचा फॉर्म आला की तोच जुना आयडी आठवतो.

३०. फोन नंबर बदललास, तर त्याच दिवशी मेलमधलाही बदल, आणि दोन टप्प्यांची तपासणी चालू ठेव – पासवर्ड विसरलीस तर आत जायची वाट त्या नंबरावरूनच जाते. सिम बंद पडलं की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते.

तक्रारीच्या जागा

३१. १९०९ वर नोंदवलेलं 'डू नॉट डिस्टर्ब' फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलला लागू होत नाही – ते केलं म्हणजे मेल थांबतील, या भरवशावर राहू नकोस.

३२. आपली माहिती वापरायला दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं येतो आहे – म्हणून 'माझं नाव यादीतून काढा' हे सांगताना संकोच नको. तुझा तो हक्क आहे.

३३. पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० लाव आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदव – पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची आशा असते. आणि घरी सांग. कुणी तुला रागावणार नाही; रागावलं तर मी आहे.

३४. तो चोराचा मेल पुसू नकोस – तक्रारीला तोच पुरावा.

आणखी एक. दिवाळीला घरी येशील तेव्हा आईच्या फोनवरही हे सगळं करून दे, पण तिच्या शेजारी बसून, एकेक मेल विचारत. साड्यांचे जे मेल तुला कचरा वाटतात, ते ती दुपारी भांडी आवरली की निवांत बघते, विकत काही घेत नाही. ते राहू दे. कर्जवाल्यांना मात्र तिच्याच बोटानं ब्लॉक करायला लाव – पुढच्या वेळी तू बालाघाटला असशील आणि ते तिचं तिला करता आलं पाहिजे.

तुझा मामा